केंब्रिजहून परतलेली मराठी कथा

(लातूर येथे वाचक आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



शिक्षणाचे महत्त्व लातूरकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. दहावी-बारावीच्या निकालांनी या शहराला साऱ्या महाराष्ट्रात ओळख मिळवून दिली आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द घराघरांत पोहोचला. नांदेड, परभणी, बीड, धाराशिव अशा शेजारच्या जिल्ह्यांतील मुले येथे खोल्या घेऊन राहतात, अभ्यास करतात आणि येथून पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला जातात. त्यांतील काही पुढे अमेरिकेत किंवा युरोपात स्थिरावतात. मुलगा किंवा मुलगी परदेशी गेली याचा आईवडिलांना रास्त अभिमान असतो. परंतु काही वर्षे लोटली की त्याच घरात दुसरा एक प्रश्न डोके वर काढतो. तिकडे वाढणारी नातवंडे आजीशी कोणत्या भाषेत बोलतात? परदेशी गेलेल्या मुलाच्या सामानात आपण लोणचे, चटणी, गोडा मसाला आठवणीने भरतो. पण भाषा भरली होती काय?

आजचा विषय या प्रश्नाशी जोडलेला आहे. बालपण महाराष्ट्राबाहेर, तारुण्य देशाबाहेर आणि तरीही कथा मराठीत, असे एक उदाहरण आपल्यासमोर आहे. ते म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा सर्वांनी त्यांना थोर खगोलशास्त्रज्ञ म्हणून आदरांजली वाहिली. ते उचितच होते. येथे मात्र त्यांच्यातील कथाकाराचा विचार करावयाचा आहे. हा माणूस कथा का लिहू लागला, कशा लिहीत असे आणि त्या मराठीतच का लिहीत असे, हे पाहिले म्हणजे आपल्या घरातील प्रश्नाचेही काही उत्तर हाती लागेल.

काशीतील मराठी घर

मराठी माणसाचे स्थलांतर ही काही विमानयुगात सुरू झालेली गोष्ट नव्हे. आपल्या मराठवाड्यातील पैठणचे एक भट्ट घराणे काशीस जाऊन स्थायिक झाले आणि पिढ्यानपिढ्या तेथे विद्यादान करीत राहिले. त्याच घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक केला. घर काशीत गेले, पण दक्षिणेशी असलेले नाते तुटले नाही.

नारळीकरांचे घरही असेच काशीला गेले. त्यांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकर हे केंब्रिजचे रँग्लर. १९३२ साली ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे विभागप्रमुख झाले. महामना मालवीयजींनी उभारलेल्या त्या विद्यापीठाच्या आवारात जयंतरावांचे बालपण गेले. त्यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरचा, पण वाढले ते गंगेकाठी. शाळेत हिंदी, पुढे पुस्तकांत इंग्रजी, आई सुमतीबाई संस्कृतच्या अभ्यासक आणि घरातली बोली मराठी. चार भाषा एका घरात नांदत होत्या आणि कोणतीही दुसरीला हुसकावून लावीत नव्हती.

या घरात भिंतीवर फळे लावलेले होते. शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहणारे मोरूमामा हुजूरबाजार त्यावर गणिताचे एखादे कोडे लिहून ठेवीत आणि वर ‘जयंतसाठी आव्हान’ अशा अर्थाचा मथळा देत. कोडे सुटेपर्यंत, किंवा हार मान्य करीपर्यंत, फळा पुसला जात नसे. यात शिकवणी नव्हती आणि परीक्षेचे गुणही नव्हते. प्रश्न डोळ्यांसमोर ठेवून द्यावा आणि मुलाला त्याच्याशी झुंजू द्यावे, एवढेच. पुढे नारळीकरांची प्रत्येक कथा वाचकासमोर असेच एक कोडे मांडते. कथाकाराची पहिली प्रेरणा शोधावयाची तर ती या फळ्यावर सापडते.

ज्यांनी मराठवाड्याचा इतिहास वाचला आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. निझामी राजवटीत येथील मुले उर्दूतून शिकली आणि घरी मराठी बोलली. याच जिल्ह्यातील निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी उर्दू आणि फार्सीवर प्रभुत्व मिळविले आणि ती सारी विद्या मराठी इतिहासलेखनाच्या पदरात घातली. अनेक भाषा येणे हे मातृभाषेवरचे संकट नसते. घरातली भाषा सैल सुटली तरच संकट येते.

गुरूकडून मिळालेली दुसरी प्रेरणा

१९५७ साली बनारसची पदवी घेऊन नारळीकर केंब्रिजला गेले. तेथील १५ वर्षांत त्यांनी मिळविलेल्या यशाचा तपशील सर्वज्ञात आहे. रँग्लर, टायसन पदक, स्मिथ पारितोषिक, अ‍ॅडम्स पारितोषिक, किंग्ज कॉलेजची फेलोशिप. १९६४ साली फ्रेड हॉईल यांच्यासह त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला आणि १९६५ साली, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळाले.

येथे आपल्याला हॉईल यांची दुसरी बाजू पाहावयाची आहे. नारळीकर केंब्रिजला पोहोचले त्याच वर्षी हॉईल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही विज्ञान कादंबरी प्रसिद्ध झाली होती. एक अवाढव्य मेघ सूर्यमालेत शिरतो आणि शास्त्रज्ञांची तारांबळ उडते, अशी तिची कल्पना. जागतिक कीर्तीचा वैज्ञानिक फावल्या वेळी कादंबरी लिहितो, सामान्य वाचक ती आवडीने वाचतो, आणि त्यामुळे वैज्ञानिकाच्या प्रतिष्ठेला कोणताही बाध येत नाही, हे शिष्याने जवळून पाहिले. आपल्याकडे विद्वानाने गोष्टी लिहिणे म्हणजे विद्वत्तेला उणेपणा, अशी समजूत बराच काळ होती. ती समजूत नारळीकरांच्या मनात रुजली नाही, याचे श्रेय हॉईल यांना द्यावे लागेल. केंब्रिजकडून मराठी कथेला मिळालेली ही देणगी होय.

१९७२ साली ते सपत्नीक मायदेशी परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. ज्या वयात इतरांची परदेशात घरे उभी राहतात, त्या वयात त्यांनी परतीचा मार्ग धरला.

टोपणनावाची कथा

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली. त्या सुमारास एका परिसंवादात कंटाळवाणे भाषण चालू असता, नारळीकरांनी समोरच्या कोऱ्या कागदांवर कथा लिहावयास घेतली. तीच ‘कृष्णविवर’. जेथे गुरुत्वाकर्षण प्रचंड असते तेथे काळ मंदावतो, या आइन्स्टाइनप्रणीत तत्त्वावर ती बेतलेली आहे.

कथा तर झाली. पण जयंत नारळीकर हे नाव पाहून परीक्षक दबतील, हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा त्यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी केली. ज. वि. ना. चे झाले ना. वि. ज., म्हणजे नारायण विनायक जगताप! हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी कथा आपल्या अक्षरात उतरवून काढली. मंगलाताई स्वतः गणितज्ञ होत्या. कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि मगच जगतापांचे खरे नाव उघड झाले. आज वशिल्याविना काही होत नाही अशी तक्रार आपण सर्रास ऐकतो. पद्मभूषण मिळालेला माणूस आपले नाव बाजूला ठेवून, अनोळखी उमेदवार म्हणून रांगेत उभा राहतो, ही गोष्ट आपल्या मुलांना आवर्जून सांगण्यासारखी आहे.

पुढच्याच वर्षी, १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी या नव्या कथांची दखल घेतली. ‘किर्लोस्कर’ मासिकाने त्यांच्या कथा वाचकांपर्यंत नेल्या. १९७९ साली ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी लेखकांची फळी उभी राहिली आणि विज्ञानकथेचे दालन मराठीत भक्कम झाले.

कथेची घडण

नारळीकरांच्या कथा एकापाठोपाठ वाचल्या की त्यांची लेखनपद्धती स्पष्ट होते. आधी एक वैज्ञानिक तत्त्व निवडावयाचे. ते खरे असले पाहिजे, निदान विज्ञानाला अशक्य वाटणारे नसावे. मग ‘असे झाले तर?’ हा प्रश्न विचारावयाचा आणि तत्त्वाला एक पाऊल पुढे न्यावयाचे. त्या एका पावलाव्यतिरिक्त बाकी सर्व नियम जसेच्या तसे पाळावयाचे. पात्रे आपल्या ओळखीची, भाषा सरळ, वाक्ये आटोपशीर. शेवटी कोड्याची उकल.

‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा पाहा. उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे कडक असते, हे मराठी घरात लहान मुलालाही ठाऊक असते. मग डाव्या सोंडेची मूर्ती उजव्या सोंडेची होऊ शकेल काय? आरशात होते. आरशाबाहेर? येथे मोबियसची पट्टी मदतीला येते. कागदाची एक लांब पट्टी घ्या, तिला अर्धा पीळ द्या आणि टोके चिकटवा. पारदर्शक कागदाची अशी पट्टी करून तिच्यावर काढलेले डाव्या हाताचे चित्र मनाने सरकवीत एक फेरी पूर्ण केली, तर ते उजव्या हाताचे होऊन परत येते. आपल्या त्रिमितीत असा पीळ असेल तर? गणिताच्या वर्गात रुक्ष वाटणारी ही कल्पना गणपतीच्या सोंडेवरून समजावली, की शाळकरी मुलगाही ती विसरत नाही. ही कथा केवळ इंग्रजीत विचार करणाऱ्या माणसाला सुचली नसती. तिचे गणित युरोपातले आहे, पण तिचा देव्हारा मराठी आहे.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा तर आपल्या काळजाला हात घालणारी. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागली आणि पानिपतचे पारडे फिरले. ती गोळी कानाजवळून निसटून गेली असती तर? इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा एका जगात पोहोचतात, जेथे मराठे जिंकले आहेत, देश स्वतःच्या पायांवर उभा आहे आणि कंपनी सरकारचा अंमल मुंबईपुरता उरला आहे. या कथेत मिश्किलपणाही आहे. आझाद मैदानावर अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून गंगाधरपंत सवयीने तेथे जाऊन बसतात, तर अध्यक्षीय भाषणांना विटलेले त्या जगातील श्रोते त्यांच्यावर अंडी आणि टोमॅटो फेकतात. भाषण करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी ही जागा आहे!

पानिपतच्या जखमेवर फुंकर घालणारी कथा लिहिणे अवघड नाही. नारळीकर तेथे थांबत नाहीत. गंगाधरपंत आपल्या जगात परततात तेव्हा त्यांच्या खिशात त्या जगातील बखरीचे एक फाटके पान असते. त्यात विश्वासराव वाचल्याचे लिहिलेले असते. कल्पनेच्या भरारीतही लेखकाला पुरावा हवा असतो.

अभिमान आणि पुरावा

यक्ष, वामन, भस्मासुर, गणपती ही नावे नारळीकरांच्या कथांत वारंवार येतात. परदेशात १५ वर्षे काढूनही त्यांना रूपके सुचली ती या मातीतील. पुण्यातील ‘आयुका’ या संस्थेचे ते संस्थापक संचालक. तेथील प्रांगणात गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांच्या बरोबरीने आर्यभटाचा पुतळा उभा आहे. आर्यभटाचे गणित तपासून पाहता येते, म्हणून तो त्या पंक्तीत ताठ मानेने उभा राहतो.

परंतु प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते, असे कोणी म्हणाले की नारळीकर सौम्य शब्दांत पुरावा मागत. फलज्योतिषाबाबतही त्यांची भूमिका अशीच रोखठोक होती. २००८ साली त्यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील ज्योतिषांना २०० मुलांच्या कुंडल्यांवरून हुशार कोण आणि मतिमंद कोण, हे ओळखण्याचे आवाहन केले. उत्तरे आली ती नाणे उडवून मिळावीत त्यापेक्षा सरस नव्हती. आपल्यापैकी अनेकांना त्यांची ही मते रुचणार नाहीत. काहींच्या श्रद्धेला ती बोचतीलही. ‘धूमकेतू’ या कथेत पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू वैज्ञानिक प्रयत्नांनी दूर सारला जातो, आणि ज्याने तो धूमकेतू शोधला त्याच्याच घरी, संकट टळले ते यज्ञामुळे, अशी सर्वांची समजूत असते. नायक कोणाचा उपहास करीत नाही. तो अंतर्मुख होतो. ही कथा आपल्यावर रागावत नाही, पण आपल्याला सहज सोडतही नाही.

स्वत्वाचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाला असा लेखक जवळचा वाटला पाहिजे. कारण पुराव्याविना मिरविलेला अभिमान पहिल्याच प्रश्नाने कोसळतो. तपासून घेतलेला अभिमान पुढच्या पिढीच्या हाती निर्धास्तपणे देता येतो. आपली मुले उद्या जगातील नामांकित विद्यापीठांत बसणार आहेत. तेथे त्यांना प्रश्न विचारले जातील. त्यांच्याजवळ घोषणा असावी की उत्तर, हे आज घरात ठरत असते.

स्थलांतरिताची कथा

परदेशी स्थायिक झालेल्या लेखकांच्या कथा बहुधा घराच्या आठवणींभोवती फिरतात. झुंपा लाहिरी यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. बंगाली आईवडिलांच्या पोटी जन्मून अमेरिकेत वाढलेल्या या लेखिकेला स्थलांतरितांच्या कथांसाठी २००० साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. घरात बंगाली, लेखन इंग्रजीत, आणि पुढे तर त्या रोमला जाऊन इटालियनमध्ये लिहू लागल्या. त्यांच्या प्रतिभेविषयी शंका नाही. पण बंगाली वाचकाला त्यांच्या कथा अनुवादातूनच वाचाव्या लागतात.

नारळीकरांनी दूर जाण्याचे दुःख लिहिले नाही. दूर जाऊन जे मिळविले ते घरी आणून वाटले. त्यांच्या कथांवर आक्षेप घेतले गेले आहेत. पात्रे रक्तामांसाची वाटत नाहीत, संवाद कधी कधी पाठासारखे होतात, असे समीक्षक म्हणत आले. त्यात तथ्य आहे. माणसाच्या अंतरंगाचा तळ शोधण्यासाठी मराठी वाचक अन्य कथाकारांकडे जाईल. पण कृष्णविवर, प्रतिविश्व, कालप्रवास हे विषय मराठी वाक्यात सहज बसू शकतात, हा विश्वास नारळीकरांनी दिला. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. प्रकृतीमुळे ते तेथे प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत, पण सारस्वतांच्या दरबारात विज्ञानकथेला मानाचा पाट मिळाला.

मराठी ही केवळ भावनेची भाषा आहे की ज्ञानाचीही, हा प्रश्न लातूरला परका नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसराची जमीन हादरली आणि हजारो माणसे झोपेतच गेली. स्थिर समजले जाणारे दख्खनचे पठार कसे हादरले, हे लोकांना त्यांच्याच भाषेत समजावून सांगण्याची गरज तेव्हा किती तीव्र होती, हे ज्यांनी ते दिवस पाहिले ते जाणतात. जेथे समजणाऱ्या भाषेत ज्ञान पोहोचत नाही, तेथे अफवा पोहोचते. विज्ञान मराठीत लिहिणे ही हौस नसून समाजाची निकड आहे, ती यासाठी.

एका पोस्टकार्डाची किंमत

नारळीकरांची एक सवय शेवटी सांगितली पाहिजे. व्याख्यान संपले की मुले स्वाक्षरीसाठी त्यांच्याभोवती गर्दी करीत. ते स्वाक्षरी देत नसत. म्हणत, पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही असेल. आणि खरोखरच ते उत्तर पाठवीत. असंख्य मुलांनी अशी कार्डे जपून ठेवली आहेत. सही हवी असलेल्या मुलाला त्यांनी प्रश्न विचारणारा मुलगा केले. काशीच्या घरातील मोरूमामांचा फळा असा महाराष्ट्रभर पोहोचला.

आपल्या मुलांचे वेळापत्रक पहाटेपासून रात्रीपर्यंत शिकवण्यांनी भरलेले असते. त्यातून आठवड्यातील अर्धा तास काढावा. मुलाने एक मराठी विज्ञानकथा मोठ्याने वाचावी, घरातील सर्वांनी ऐकावी आणि नंतर प्रत्येकाने एक प्रश्न विचारावा. उत्तर न आले तर तो प्रश्न कागदावर लिहून भिंतीवर लावावा. त्याला खर्च येत नाही आणि परीक्षेच्या गुणांतही घट होत नाही. असे मूल उद्या कोठेही गेले, तरी ज्या भाषेत त्याने पहिला प्रश्न विचारला ती भाषा त्याच्याबरोबर जाईल. ते परत येईल किंवा न येईल, हे आपल्या हाती नाही. त्याला परत येण्यासाठी भाषेचा उंबरठा शाबूत ठेवणे मात्र आपल्या हाती निश्चितच आहे.